सेनिओच्या बांधावरचा निरोप्या

१

शौर्यपदकाबरोबर एक छोटा मजकूर येतो. लष्करात त्याला ‘सायटेशन’ म्हणतात, मराठीत आपण प्रशस्तिपत्र म्हणतो. तीन-साडेतीनशे शब्दांचा हा मजकूर कुणा अधिकाऱ्याने लिहिलेला, वरच्यांनी तपासलेला आणि अखेर राजपत्रात छापलेला असतो. त्या वीराविषयी पुढे जे काही लिहिले जाते, मग तो शाळेतला धडा असो, पुतळ्याखालचा लेख असो की वर्तमानपत्रातला स्मरणलेख, ते बहुधा याच मजकुराचे कधी ताणलेले, कधी आखडलेले रूप असते. एवढा प्रभाव असलेला हा लेखनप्रकार आपल्या समीक्षेने मात्र वाचायला घेतलेला नाही. तो कागदपत्रांच्या दप्तरात राहिला.

या लेखात मी असे एकच प्रशस्तिपत्र वाचणार आहे. ते आहे शिपाई नामदेव जाधव यांचे. जन्म १८ नोव्हेंबर १९२१, गाव अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातले निमज. पलटण पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतल्या सेनिओ नदीवर केलेल्या कामगिरीबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि जून १९४५ मध्ये प्रशस्तिपत्र राजपत्रात छापून आले. इंग्रजी नोंदींत त्यांचे आडनाव कुठे ‘जाधव’, कुठे ‘जादव’, कुठे ‘जाधाव’ असे लिहिलेले सापडते. नावाचीच ही गत असेल, तर माणसाविषयीचा मजकूर जरा जपून वाचलेला बरा.

माझे म्हणणे थोडक्यात असे. हे प्रशस्तिपत्र एका संध्याकाळची गोष्ट सांगते. पण त्या संध्याकाळचा अर्थ तिच्या आधीच्या हिवाळ्यात आहे. तो हिवाळा बाजूला ठेवला की आपल्या हाती फक्त एक अचाट धाडस उरते. तो परत जागेवर ठेवला की त्या धाडसामागे रोजचे काम दिसू लागते आणि काम करणारा माणूसही दिसू लागतो.

२

आधी मजकूर काय सांगतो ते पाहू.

सॅन पोलितो या गावाच्या उत्तरेला एका कंपनीने सेनिओच्या पूर्वेकडच्या पूरबांधावर हल्ला चढवला. तिच्यामागून तीन मिनिटांनी दुसऱ्या कंपनीने पुढे घुसून पश्चिमेचा बांध घ्यायचा, असा बेत होता. नदी लहान, सुमारे १५ फूट रुंद आणि चार-पाच फूट खोल. बांध मात्र ३० ते ३५ फूट उंच, सरळ उभ्या चढणीचे. दोन्ही बांध जर्मनांनी आतून पोखरून त्यांत खंदक आणि ठाणी केलेली. पूर्व बांधाच्या आतल्या अंगाला, पाण्याच्या कडेने, सुरुंगांचा पट्टा.

जाधव दुसऱ्या कंपनीचे ‘रनर’ होते. कंपनी कमांडरसोबत आघाडीच्या सेक्शनच्या अगदी पाठीमागून ते पाण्यातून गेले. पलीकडे चढत असताना पूर्व बांधाच्या आतल्या अंगावरच्या निदान तीन ठाण्यांतून गोळीबार सुरू झाला. कमांडर आणि दोन जण जखमी झाले. जाधव सोडून बाकीचे मारले गेले. जाधवांनी एका जखमीला उचलले, पाण्यातून, सुरुंगांच्या पट्ट्यातून, बांधाची चढण चढून सुरक्षित जागी पोचवले. मग परत जाऊन दुसऱ्याला आणले. तिसऱ्या खेपेला ते सर्वांत जवळच्या ठाण्यावर धावून गेले आणि टॉमीगनने ते बंद पाडले. हाताला गोळी लागली, बंदूक चालवता येईना, तेव्हा ती टाकून त्यांनी हातबॉम्ब घेतले. आणखी दोन ठाणी त्यांनी हातबॉम्बने संपवली. मध्ये एकदा बॉम्ब संपले म्हणून ते सरपटत बांधाच्या माथ्यावर गेले आणि पलीकडच्या उतारावर असलेल्या सोबत्यांकडून नवे घेऊन आले. सगळी ठाणी गप्प झाल्यावर ते बांधाच्या माथ्यावर उभे राहिले, उखळी तोफांचा मारा चालू असताना त्यांनी मराठ्यांचा युद्धघोष केला आणि हात हलवून उरलेल्या कंपन्यांना नदीपार बोलावले.

एवढीच कथा. तिच्यात विशेषणे आहेत, पण थोडी. चांगले प्रशस्तिपत्र साक्षीपुराव्याच्या भाषेत बोलते आणि हे तसे आहे. माझी तक्रार त्याच्या खरेपणाविषयी नाही. ते कुठे सुरू होते आणि कुणाला नाव देते, याविषयी आहे. ते संध्याकाळी सुरू होते आणि जाधवांखेरीज कुणाचेही नाव घेत नाही. कमांडर म्हणजे कमांडर, जखमी म्हणजे दोन जण आणि मेलेले म्हणजे ‘बाकीचे’. किती, तो आकडासुद्धा नाही.

३

आता त्या संध्याकाळच्या मागचा हिवाळा.

ही पलटण आठव्या भारतीय डिव्हिजनच्या एकविसाव्या ब्रिगेडमध्ये होती. इराक-सिरियाकडचा मुक्काम आटोपून डिव्हिजन सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीच्या टाचेला, तारांतोला उतरली. पहिला हिवाळा एड्रियाटिक किनाऱ्यालगत सांग्रो नदीच्या मुलखात गेला. १९४४ चा पावसाळी शरद फ्लॉरेन्सच्या ईशान्येकडील आपेनाइन डोंगरांत, गॉथिक लाइन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जर्मन तटबंदीसमोर गेला. तिथे मोटारी चिखलात रुतत, म्हणून दारूगोळा आणि शिधा खेचरांच्या पाठीवरून वर जाई, आणि परतीच्या वाटेवर जखमी खाली येत. डिसेंबरच्या अखेरीस, नाताळच्या दुसऱ्याच दिवशी, जर्मन आणि त्यांच्या बाजूच्या इटालियन सैन्याने सेर्किओ खोऱ्यात अमेरिकन फळीवर हल्ला केला. तो थोपवून गेलेली गावे परत घ्यायला याच डिव्हिजनच्या तुकड्या धाडल्या गेल्या. आणि फेब्रुवारी-मार्च १९४५ मध्ये, कॅनडाच्या फौजा उत्तर युरोपकडे निघाल्यावर, त्यांच्या जागी डिव्हिजन सेनिओवर आली.

सेनिओवरचे ते आठवडे समजून घेतल्याशिवाय प्रशस्तिपत्रातला भूगोल उलगडत नाही. सपाट शेतीचा मुलूख; त्यातून ही अरुंद नदी दोन उंच बांधांमध्ये कोंडून वाहते. पूर्वेकडून आलेल्या आपल्या फौजा पूर्व बांधाच्या बाहेरच्या पायथ्याशी होत्या. जर्मन मात्र नदी सोडून मागे गेलेले नव्हते. पश्चिम बांध तर त्यांच्याकडे होताच, शिवाय पूर्व बांधाच्या आतल्या अंगालाही त्यांनी बिळे केलेली होती. म्हणजे कित्येक ठिकाणी एकाच बांधाच्या बाहेरच्या उतारावर आपले लोक आणि आतल्या उतारावर शत्रू. मध्ये फक्त मातीची जाडी. माथ्यावरून हातबॉम्ब इकडून तिकडे आणि तिकडून इकडे फेकले जात. दिवसा डोके वर काढायचे नाही. रात्री गस्त घालायची, काटेरी तार लावायची, पलीकडची कुजबूज, फावड्याचा आवाज, खोकला ऐकून कोण कुठे आहे ते टिपायचे. पायातले बूट आठवडाभर ओले राहिले की कातडी सडते, म्हणून कोरडे मोजे ही शिस्तीची बाब. पहिल्या महायुद्धाच्या खंदकांची जी चित्रे आपण पाहतो, त्यांच्याच जवळचे हे जिणे होते.

त्याच दिवसांत पाळीपाळीने मागे जाऊन सराव चाले. पिछाडीलाही अशाच बांधांच्या नद्या होत्या. त्यांवर तालीम करता येई. चढण चढायची, पाण्यात उतरायचे, छोटा पूल टाकायचा, पलीकडे चढायचे. पुन्हा पहिल्यापासून. हल्ल्याची वेळ मिनिटांत बांधलेली होती, म्हणून मिनिटांचा सराव. प्रशस्तिपत्रातली ‘तीन मिनिटे’ अशा तालमींतून आलेली आहेत.

आणि रनर? कंपनी म्हणजे शंभर-सव्वाशे माणसे. तिचे प्लॅटून विखुरलेले असतात. वायरलेस बंद पडतो, टेलिफोनची तार तोफगोळ्याने तुटते; मग उरतो एक माणूस. कमांडरच्या पाठीशी राहायचे, त्याच्या तोंडचा हुकूम जसाच्या तसा लक्षात ठेवायचा, अंधारात ठरलेल्या जागी पोचवायचा, उत्तर घेऊन परत यायचे. त्याला वाटा ठाऊक असाव्या लागतात, सुरुंगांमधली फट ठाऊक असावी लागते, कोणता सेक्शन कुठे आहे हे पाठ असावे लागते. आपल्या जुन्या कागदपत्रांत जासूद आणि हरकारे येतात. त्याच वंशातला हा माणूस. हिवाळाभर रनरचे काम येणे-जाणे हेच असते.

४

हे मनात ठेवून प्रशस्तिपत्र पुन्हा वाचले की चार गोष्टी डोळ्यांत भरतात.

पहिली, गोळीबार पाठीमागून झाला. जाधव आणि त्यांचे सोबती पश्चिमेला चढत होते. ठाणी पूर्व बांधाच्या आतल्या अंगाला होती. ज्या बांधावर पहिली कंपनी चढली होती, त्याच बांधाच्या पोटात शत्रू शिल्लक होता. दुपारपासून बॉम्बफेकी विमानांनी आणि तोफांनी तो मुलूख भाजून काढला होता. मारा मध्येच थांबवून शत्रूला फसवायचे, तो बाहेर आला की पुन्हा सुरू करायचा, हेही झाले होते. संध्याकाळी ७ वाजून २० मिनिटांनी हल्ला सुरू झाला, तेव्हा आग ओकणारी यंत्रे बांधावर होती. एवढे होऊनही बिळे जिवंत राहिली. ज्याने तो बांध अनुभवला आहे, त्यालाच हे पटते. प्रशस्तिपत्र भूगोल सांगते, पण या मातीशी झालेली ओळख सांगत नाही.

दुसरी, घटनांचा क्रम. मजकूर म्हणतो की जाधवांनी मेलेल्या सोबत्यांचा सूड घेण्याचे ठरवले. हा हेतू लिहिणाऱ्याने दिलेला आहे. क्रम वेगळेच बोलतो. पहिल्या दोन खेपा जखमींसाठी आहेत; ठाण्यांवरचा हल्ला तिसऱ्या खेपेला. सूडाने पेटलेला माणूस आधी शत्रूकडे धावतो. हा आधी माणसे हलवतो. आणि ज्या सुरुंगपट्ट्यातून एकदा पार होणेही कठीण, त्यातून तो पाठीवर माणूस घेऊन दोनदा जातो. जाऊन येणे ज्याच्या अंगवळणी पडले आहे, त्याचे हे वागणे आहे. वीरकथेला सूड हवा असतो, म्हणून तो तिथे आला असावा, असे माझे मत आहे.

तिसरी, हातबॉम्ब. एकट्याने तीन ठाणी संपवली, ही ओळ सगळे उचलतात. मधले वाक्य बहुधा गळते: बॉम्ब संपल्यावर ते माथ्यावर सरपटत गेले आणि पलीकडच्या सोबत्यांनी त्यांना नवे दिले. म्हणजे बांधाच्या बाहेरच्या उतारावर, हिवाळाभर जिथे पलटण बसली होती तिथेच, हात पुढे करणारी माणसे होती. त्यांना नावे नाहीत. पण ती नसती तर दुसरे आणि तिसरे ठाणे बोलत राहिले असते.

चौथी माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. माथ्यावर उभे राहून युद्धघोष करणारे नामदेव जाधव, हे चित्र प्रत्येक वर्णनाचा कळस असते. आपण ते विजयाची मुद्रा म्हणून पाहतो. पण त्या क्षणी परिस्थिती काय होती? कंपनी कमांडर जखमी. आघाडीचे लोक ठार. मागच्या कंपन्या बांधाआड अडकलेल्या, त्यांना पलीकडचे काही दिसत नाही. वाट मोकळी झाली आहे, ही बातमी फक्त एका माणसाला ठाऊक आहे आणि ती पोचवणे हे त्याचे नेमून दिलेले काम आहे. हात जखमी, वेळ नाही, चिठ्ठी नाही. तो सर्वांना दिसेल अशा जागी उभा राहतो आणि आवाज देतो. ती घोषणा म्हणजे निरोप होता. रनरने आपले काम पुरे केले. प्रशस्तिपत्राने ‘रनर’ हा शब्द एकदाच वापरून सोडून दिला. सबंध मजकुराची किल्ली त्या शब्दात होती.

५

इथे मराठी वाङ्मयाकडे वळणे मला भाग आहे. कारण प्रश्न इंग्रज अधिकाऱ्याच्या लेखणीपुरता नाही.

युद्धाविषयी बोलण्याचे दोन समर्थ प्रकार आपल्याकडे होते. एक पोवाडा. तो नुसता पराक्रम सांगतो, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तुळशीदासाच्या सिंहगडाच्या पोवाड्यात तानाजीच्या घरचे लग्न आहे. वीराला घर आहे, नातीगोती आहेत. दुसरा प्रकार बखर. ‘भाऊसाहेबांची बखर’ वाचताना १४ जानेवारी १७६१ या एका दिवसाइतकेच त्याआधीचे अडीच महिने अंगावर येतात. पानिपतची छावणी, तुटलेली रसद, थंडी, उपासमार आणि ताटकळणे. मराठी गद्याला हिवाळा सांगता येतो, याचा हा जुना पुरावा आहे. पोवाडा वीराला घर देतो, बखर लढाईला तिचा काळ देते. प्रशस्तिपत्र यांतले काहीच देत नाही.

मग विसाव्या शतकातल्या मराठी शिपायाला ही दोन्ही दाने का मिळाली नाहीत? ज्या पलटणीत जाधव होते, तिचे जुने नाव १०३ वी मराठा लाइट इन्फन्ट्री. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ या काळात ती मेसोपोटेमियात कूत अल् अमाराच्या वेढ्यात होती. उपासमार, घोड्याच्या मांसाचा प्रश्न, शरणागती, नंतरची कैद. पानिपतच्या छावणीशी थेट नाते सांगणारा हा अनुभव; त्याची बखर झाली नाही. शिपायांनी घरी पत्रे लिहिली वा लिहवून घेतली, ती सेन्सॉरच्या हाताखालून गेली. त्यांतले जे आज अभ्यासकांना मिळते, ते बव्हंशी इंग्रजी उताऱ्यांच्या रूपात. शिपायाचे मराठी सरकारी दप्तरात शिरताना पुसले गेले.

दुसऱ्या महायुद्धाने मराठी लेखकांना ओढ लावली नाही, असेही नाही. अण्णाभाऊ साठे यांनी स्टालिनग्राडचा पोवाडा रचला. रशियाच्या हिवाळ्यातल्या लढाईला मराठी शाहिरी मिळाली, ही अभिमानाचीच गोष्ट आहे. अण्णाभाऊंची निष्ठा त्यात उघड होती. पुढे वि. ग. कानिटकरांचा ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’ आणि वि. स. वाळिंबे यांचे ‘वॉर्सा ते हिरोशिमा’ यांनी मराठी वाचकांच्या पिढ्यांना ते युद्ध घरात आणून दिले. पण त्यांचा आवाका जगाचा आहे. नकाशावर सैन्ये सरकतात, नेते निर्णय घेतात. स्वातंत्र्योत्तर युद्धांविषयी शशिकांत पित्रे यांच्या ‘डोमेल ते कारगिल’सारखे भक्कम लेखन मराठीत झाले. मधला एक तुकडा, म्हणजे परक्या राज्याच्या गणवेशात परदेशी नदीकाठी बसलेला आपला शिपाई, कुणाच्याच वाट्याला आला नाही.

याचे कारण मला त्याच नगर जिल्ह्यात दिसते. ऑगस्ट १९४२ पासून अहमदनगरच्या किल्ल्यात काँग्रेसचे श्रेष्ठी स्थानबद्ध होते: नेहरू, पटेल, आझाद, नरेंद्र देव, पंत, शंकरराव देव. १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत नेहरूंनी तिथे ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले; आझादांच्या ‘गुबार-ए-खातिर’मधली पत्रे तिथलीच. मार्च १९४५ च्या अखेरीस नेहरूंना तिथून हलवले, आणि पंधरवड्याच्या आत त्याच जिल्ह्यातला २३ वर्षांचा एक तरुण सेनिओच्या पाण्यात उतरला. किल्ल्यातल्या भिंतींआडून दोन थोर ग्रंथ बाहेर आले. बांधाआडून एक सरकारी मजकूर आला, तोही दुसऱ्याने लिहिलेला.

हा विरोध अवघड आहे आणि तो गुळगुळीत करू नये. ज्या सरकारने किल्ल्याला कुलूप लावले, त्याच सरकारच्या राजाचे पदक या तरुणाच्या छातीवर आले. स्वातंत्र्यानंतर त्याचे काय करायचे, हे आपल्याला कळले नाही. देशभक्त म्हणावे तर गणवेश आड येतो. भाडोत्री म्हणावे तर जीभ रेटत नाही. म्हणून आपण मधला मार्ग काढला. शौर्य तेवढे उचलले आणि काळ सोडून दिला. सुमारे २५ लाखांच्या त्या स्वेच्छाभरतीच्या फौजेत कोरडवाहू मुलखातली मुले कशासाठी गेली, तिथे काय शिकली, कशाला भ्याली, हे विचारले की राजकारणाचे उत्तर द्यावे लागते. धाडसाचे वर्णन करायला कसलेच उत्तर लागत नाही. प्रशस्तिपत्राचा साचा आपल्याला सोयीचा वाटला, तो त्यामुळे.

या वाचनावर एक आक्षेप येईल. साम्राज्याने आपल्या सोयीसाठी लिहिलेल्या मजकुराला एवढे महत्त्व का द्यावे? माझे उत्तर असे की, दुसरा मजकूर नसेल तेव्हा याच मजकुराला प्रश्न विचारून त्यातला माणूस सोडवून घ्यावा लागतो. वर ज्या चार गोष्टी मांडल्या, त्या सगळ्या प्रशस्तिपत्रातच आहेत. लिहिणाऱ्याला त्या सांगायच्या नव्हत्या. तरी तो साक्षीपुराव्याशी प्रामाणिक राहिला, म्हणून त्या उरल्या.

६

इटलीने आपल्या परीने आठवण ठेवली आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबरच्या वरच्या खोऱ्यात पडले, त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांच्या नावाचे स्मारक २०२३ मध्ये उंब्रियातल्या मोंतोने गावात उभे राहिले. ते सूर्यघड्याळाच्या रूपातले आहे. सेनिओपासून फार लांब नसलेल्या फोर्लीला भारतीय सैनिकांचे स्वतंत्र युद्धस्मशान आहे; जवळजवळ ५०० जण तिथे दफन आहेत आणि ज्यांना अग्नी दिला त्यांच्या नावांचे वेगळे स्मारक आहे. प्रशस्तिपत्रांत जे ‘बाकीचे’ असतात, ते अशा दगडांवर नावानिशी भेटतात. इटलीच्या मोहिमेत पाच हजारांहून अधिक भारतीय सैनिक गेले.

आपल्याकडे नगर हे लष्कराचे मोठे ठाणे. आर्मर्ड कोअरचे केंद्र इथे, १९७९ पासून मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचे केंद्र इथे, रणगाड्यांचे संग्रहालयही इथेच. जगभरचे रणगाडे पाहायला शाळांच्या सहली येतात, आणि ते योग्यच आहे. पण पायदळाच्या शिपायाचे संग्रहालयात ठेवण्यासारखे काय असते? ओले मोजे, पाठ केलेला हुकूम, अंधारात मोजलेली पावले. या वस्तूंना काच लागत नाही, त्यांना गद्य लागते.

ते गद्य अजून लिहिता येईल. गावोगावच्या घरांत सैनिकांची सेवापुस्तके आहेत, पेन्शनचे कागद आहेत, ऐकलेल्या गोष्टी सांगणारे नातू आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी जमवलेला जात्यावरच्या ओव्यांचा लाखाहून मोठा संग्रह आहे. परमुलखात गेलेल्या भावाचा, मुलाचा हिवाळा त्या बायांच्या बाजूने कसा गेला, हे विचारण्याची ती जागा आहे. इतिहासाच्या आणि मराठीच्या विद्यार्थ्यांनी मिळून करावे असे हे काम आहे.

तोवर एक साधी सूचना. नामदेव जाधव २ ऑगस्ट १९८४ रोजी पुण्यात वारले. त्यांची गोष्ट जिल्ह्यातल्या मुलांना सांगताना ९ एप्रिलच्या संध्याकाळपासून सुरू करू नये. फेब्रुवारीपासून करावी. आधी ती नदी सांगावी, तिचे बांध सांगावेत, बांधाच्या दोन्ही अंगांना बसलेली माणसे सांगावीत. रनर म्हणजे काय, ते सांगावे. मग संध्याकाळ आली आणि तो माणूस माथ्यावर उभा राहिला, की तो कुणाला आणि काय सांगत होता, हे मुले आपणहून ओळखतील.